स्क्वॅटमध्ये जांघेत चिमटा बसायचा, पाय उघडले आणि सुटला

जुळे सोलापुरातल्या आमच्या जिममध्ये बारबेल स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन उठाबशा, मारताना खाली गेलं की उजव्या जांघेत पुढून चिमटा बसायचा, प्लेट कमी केल्या तरी तेच. पाय खांद्याइतके, बोटं सरळ समोर, असंच शिकवलेलं. आता होतं काय, तसं खोल बसलं की मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या वाटीच्या पुढच्या कडेला टेकू शकते, आणि प्रत्येकाची वाटी वेगळ्या कोनात असते, त्यामुळे शेजारच्याला जमतं ते आपल्याला जमेलच असं नाही.

मग रिकामा बार घेतला, रबर मॅटवर खडूने रेघा मारल्या, टाचा चार बोटं बाहेर आणि पंजे साधारण 30 अंश उघडे. चिमटा गेला! पण नुसते पंजे उघडून भागत नाही, गुडघा पण त्याच दिशेला जायला पाहिजे, मित्र मागून ओरडायचाच, "गुडघा आत चाललाय की बे!" अजून रुंद करून बघितलं तर मांडीच्या आतले स्नायू ताणायला लागले, मग परत चार बोटांच्या रेघेवर.

चालताना-बसताना पण दुखत असेल तर मात्र रेघा मारत बसू नका, सरळ ऑर्थोला दाखवा.