प्राग पायी पाहताना
जाड तळव्याचे बूट घाला, रस्ते दगडी आहेत. सुरुवात पावडर टॉवरपासून करा. राज्याभिषेकाची मिरवणूक इथूनच किल्ल्याकडे निघायची. जुन्या चौकातल्या १४१० च्या खगोलीय घड्याळापाशी ठोक्याआधी पाच मिनिटं पोहोचा. सगळे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, बाहुल्या बघतात, मला मात्र त्यांच्या खालची तबकडी जास्त आवडते: सूर्य, चंद्र, राशी, सगळं तिच्यावर वाचता येतं.

मग तिथेच खाली बघा. फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत, १६२१ मध्ये या चौकात देहदंड दिलेल्या २७ बंडखोरांचे. गर्दी त्यांच्यावरून चालत जाते. तुम्ही थांबा. मी दर वेळी थांबते.

चार्ल्स पुलासाठी वेगळी पहाट राखून ठेवा. तिथले ३० पुतळे तेव्हाच निवांत भेटतात.