गराजवर बास्केटबॉलचा हूप लावताय? या चुका टाळा

"अरे, ही भिंत आहे की पुठ्ठा?" शिडी धरून उभ्या असलेल्या बाबांनी खालून विचारलं. ड्रिल टेकवलं न टेकवलं तोच बिट आत गेला होता. बाबा नुकतेच सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आले होते आणि नातीसाठी गराजवर हूप लावायचा हा आम्हा बापलेकांचा पहिलाच उद्योग. त्या दिवशी चार भोकं पाडली. चारही आज बुजवलेली आहेत.

आपण विटा-सिमेंटच्या घरात वाढलेली माणसं. ड्रिल मारायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा, झालं काम. इथलं घर लाकडी सांगाड्याचं. बाहेरून दिसतं ते व्हिनाइलचं सायडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या. त्यामागे जेमतेम अर्धा इंच जाडीचा, लाकडाच्या कपच्या दाबून केलेला ओएसबीचा तक्ता. वजन पेलतात ते त्याच्याही मागचे उभे स्टड, साधारण दर 16 इंचांवर एक. नाव 'टू बाय फोर', पण मापात दीड बाय साडेतीन इंच. म्हणजे 16 इंचांत दीड इंच लाकूड आणि साडेचौदा इंच पोकळी. आमचे चारही स्क्रू पोकळीत गेले होते.

सायडिंगवर बाहेरून स्टड फाइंडर, म्हणजे आतलं लाकूड हुडकणारं यंत्र, फिरवत बसू नका, तो काहीही सांगतो. गराजच्या आत जा. स्टड उघडे असतील तर खिडकीच्या किंवा दाराच्या कडेपासून अंतर मोजा आणि तेच बाहेर त्याच कडेपासून मोजून खूण करा.

त्रिकोणी भिंतीचा चकवा

रस्त्याकडे तोंड केलेली, छपराखालची त्रिकोणी भिंत हूपला अगदी बेतलेली वाटते. मधोमध जागा, समोर मोकळा ड्राइव्हवे. पण ही भिंत बहुतेक वेळा छपराच्या ट्रसचाच, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याचाच, भाग असते आणि ट्रसमधले उभे तुकडे आडवे झोपवलेले असतात. साडेतीन इंचांची बाजू तुमच्याकडे, खोली फक्त दीड इंच. चार इंची लॅग स्क्रूने (लाकडात पान्ह्याने पिळायचा जाड स्क्रू) हूपचा ब्रॅकेट धरणारी बाहेरची फळी, तक्ता वगैरे ओलांडले तरी पकड मिळते ती त्या दीड इंचातच, बाकीचं टोक माळ्यावर हवेत.

यावर उपाय एकच: माळ्यावर चढा, आतून तीन-चार उभ्या तुकड्यांना आडवी 'टू बाय सिक्स' फळी जोडा आणि बाहेरून आरपार बोल्ट घेऊन आत मोठा वॉशर आणि नट लावा. अडचण होते म्हणून ट्रसचा कुठलाही तुकडा कापू नका. तो छप्पर धरून असतो.

दर्शनी भागाला वीट असेल तर आपल्याकडच्या सवयीने हायसं वाटतं. पण ती बहुतेकदा एका विटेच्या जाडीची नुसती शोभा असते. मागे बोटभर फट, मग लाकूड. बोल्ट लाकडापर्यंत पोचलाच पाहिजे.

वजन नव्हे, ओढ

"केवढं ते वजन! चार स्क्रू पुरे," असं मीही म्हणालो होतो. हिशेब असा आहे. भिंतीपासून रिंगमागचा बोर्ड 2 फूट पुढे. बोर्डापासून रिंगची आतली कड 6 इंच आणि रिंगचा व्यास 18 इंच, म्हणजे रिंगचा मध्य भिंतीपासून 39 इंचांवर. वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून 16 इंचांवर. आता शेजारचा 45 किलोचा मुलगा उडी मारून रिंगला लोंबकळला, तर वरच्या बोल्टांवर भिंतीतून उपटणारी ओढ 45 ला 39 ने गुणून 16 ने भागल्याइतकी, म्हणजे सुमारे 110 किलो. उडीचा हिसका यात धरलेलाच नाही. भिंतीवरच्या हूपला लोंबकळायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा आणि ती ऐकणार नाहीत असं धरून बोल्ट लावा. ब्रॅकेटची वरची आणि खालची फळी एकमेकींपासून जितकी दूर ठेवाल तितकी ओढ कमी.

मग बोर्ड भिंतीला चिकटवूनच लावला तर? तर ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकायचा फटका, घेताना पोर गराजच्या दारावर आदळेल. बोर्ड दोन फुटांच्या आत आणू नका.

सायडिंग आणि पाणी

व्हिनाइलच्या पट्ट्या मुद्दाम सैल टांगलेल्या असतात, उन्हाने फुगायला जागा मिळावी म्हणून. त्यांच्यावरच फळी दाबून बोल्ट आवळला तर थंडीत काही दिसत नाही, जुलैत पट्ट्या लाटांसारख्या वाकतात. फळीच्या मापाने सायडिंग कापून फळी थेट तक्त्यावर बसवा, वरच्या कडेला पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, सायडिंगखाली सरकवा, वर आणि दोन्ही बाजूंना कॉक, म्हणजे फटी बुजवायची लांबी, भरा. खालची कड मोकळी सोडा. चुकून आत गेलेल्या पाण्याला वाट हवी. मी चारही बाजू मन लावून भरल्या होत्या आणि दोन पावसांनंतर आत ओला डाग आला.

फळी पावसाला टिकणारी, म्हणजे ट्रीटेड लाकडाची घ्याल तेव्हा स्क्रू-बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड किंवा स्टेनलेसचे घ्या. 2004 पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडातलं आर्सेनिक गेलं आणि तांबं वाढलं. ते तांबं साध्या चकचकीत स्क्रूला खाऊन टाकतं. तीन अष्टमांश इंची लॅगसाठी आधी पाव इंचाचं भोक पाडा, नाहीतर स्टड चिरतो.

उंची कुठून मोजायची?

रिंग 10 फुटांवर. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए संस्थेत हा खेळ शोधून काढणाऱ्या जेम्स नेस्मिथनी पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या, तो सज्जा नेमका 10 फुटांवर होता. तेच माप चिकटलं. ते मोजायचं रिंगच्या बरोबर खालच्या जमिनीपासून, दाराच्या उंबऱ्यापासून नव्हे. ड्राइव्हवे पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याकडे उतरता असतो. फुटाला पाव इंच उतार धरला तर बोर्डापासून 15 फुटांवरच्या फ्री-थ्रो रेषेवर उभ्या मुलीला रिंग सुमारे साडेतीन इंच जास्त उंच पडते. त्यावर इलाज नाही. मात्र उतार फार असेल तर चुकलेला प्रत्येक बॉल थेट रस्त्यावर जातो, आणि मागोमाग मूल. अशा घरी हूप गराजवर नकोच.

मूल लहान असेल तर उंची बदलता येणारा ब्रॅकेट घ्या. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलच्या मार्गदर्शनानुसार 7-8 वर्षांना 8 फूट, 9 ते 11 ला 9 फूट. आमची नऊ वर्षांची आधी 10 फुटांवर कमरेपासून बॉल भिरकवायची. महिनाभरात हाताला तीच चुकीची सवय लागली होती.

जागा ठरवताना वर झोपायची खोली आहे का तेही बघा. बोर्डावरचा प्रत्येक ठोका लाकडातून थेट पलंगापर्यंत जातो. दाराला काच असेल तर फुटेल, पातळ पत्रा असेल तर पोचे पडतील, दोन्ही बाजूंचे दिवे तर पहिल्याच आठवड्यात जातील. आणि सोसायटी, म्हणजे इथली एचओए, असेल तर परवानगी आधी. आमच्याकडे पत्र नंतर गेलं आणि पाच आठवडे हूप गोणपाटात गुंडाळून गराजमध्ये पडून होता.

वर चढवताना आधी ब्रॅकेट, मग बोर्ड, शेवटी रिंग. दोन शिड्या, दोन माणसं, तिसरं खाली. ब्रॅकेटला पाणसळ लावल्याशिवाय शेवटचे आटे पिळू नका.

लावून झाल्यावर बिघडलं तर

बोर्ड थरथरतोय: पहिल्या महिन्यानंतर लाकूड सुकून आवळलेपणा जातोच, पान्ह्याने पुन्हा कसा. कसूनही थरथरत असेल तर एखादा स्क्रू पोकळीत आहे.

स्क्रू नुसता फिरतोय: लाकडातले आटे गेले. काडेपेटीच्या काड्या कोंबायचा आपला जुना तोडगा कपाटाच्या बिजागरीला चालतो, इथे नाही. शेजारी नवं भोक घेऊन आरपार बोल्ट लावा. जुनं भोक लाकडी खुंटी आणि डिंकाने बंद करा, पण त्यावर भार देऊ नका.

रिंग पुढे झुकलीय: बहुधा मागचे दोन नट. ते घट्ट असतील तर कोणीतरी लोंबकळलंय. आमच्याकडे चौकशी केली तेव्हा लेकीने शेजारच्या मुलाचं नाव सांगितलं, त्याने तिचं. दोन दिवसांनी शिडी काढायला गेलो तर रिंगवर बाबांच्या कानटोपीचा लोकरीचा धागा.