गोफ, दोरी आणि निसटते धागे: भरतकामात या चुका टाळा

रेयॉनची चमकदार लडी मिळाली की सुती दोऱ्याला सरावलेला हात नेहमीसारखाच कामाला लागतो. हातभर दोरा ओवायचा, टोकाला गाठ मारायची आणि टाके घालायला घ्यायचे. थोड्याच वेळात दोरा नेढ्यातून निसटतो, मागची गाठ सुटते आणि पाकळीवर तंतू विस्कटलेल्या केसांसारखे उभे राहतात. मग ‘हा धागाच वाईट’ म्हणून लडी डब्यात जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा धागा उत्तम असतो. सुती दोऱ्यात आखूड तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो कापडाला धरून राहतो. रेयॉनचे तंतू लांब, अखंड आणि गुळगुळीत. त्यांना धरून ठेवायचं काम आपल्याला करावं लागतं.

गाठीच्या भरवशावर राहणं

निसरड्या धाग्याची गाठ आज ना उद्या सुटतेच. नक्षीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत दोन-तीन अगदी बारीक उलटे टाके घाला आणि तिथून सुरुवात करा. शेवटी दोरा मागच्या टाक्यांखालून दोन-तीन सेंटिमीटर न्या आणि एक टाका सोडून परत फिरवा. नेढ्यातून निसटत असेल तर आखूड टोकाच्या मधूनच सुई आरपार काढा आणि ओढून तो फास नेढ्यापाशी बसवा. दोरा ३५ ते ४५ सेंटिमीटरच घ्या. जरीचा ३० पुरे, कारण प्रत्येक टाक्याला नेढ्यात घासून तिचं वरचं वेष्टण सुटत जातं. जरीला मोठ्या नेढ्याची सुई लागते, ती कापडात जरा मोठं भोक पाडते आणि धागा त्यातून न घासता जातो.

पीळ न बघता गुंडाळणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते. धागा उभा धरा. पिळाच्या रेघा वर जाताना उजवीकडे झुकल्या तर पीळ ‘झेड’, डावीकडे झुकल्या तर ‘एस’. भरतकामाचे बहुतेक धागे ‘एस’ पिळाचे असतात, पण ब्राझिलियन भरतकामाचे (रेयॉनने उठावदार फुलं भरायची पद्धत) धागे ‘झेड’ पिळाचे. आपला हात मात्र ठरलेल्या एकाच दिशेने वेढे घालतो. बुलियन टाक्यात, म्हणजे सुईवर धागा गुंडाळून त्या वेढ्यांतून सुई ओढून काढायच्या टाक्यात, दहा-बारा वेढे चुकीच्या दिशेने गेले की धागा उलगडत जातो आणि गुलाबाची पाकळी पसरट, फुसकी दिसते. आधी तीनच वेढे घालून बघा. पदर सुटे होऊ लागले तर दिशा बदला. भरून झालेलं फूल उसवण्यापेक्षा हे तीन वेढे कितीतरी स्वस्त. इतर टाक्यांतही दोरा मध्येच सैल किंवा गाठाळ वाटू लागला तर सुई खाली लोंबकळत सोडा, ती स्वतःभोवती फिरून पीळ जाग्यावर आणते.

लडीतून काढलेला धागा कुरळाच असेल तर ओलसर स्पंजवरून एकदा ओढा आणि पूर्ण वाळू द्या. ओला असताना ताणू नका, पाण्याने रेयॉन बराच कमजोर होतो.

दोरी कापडातून ओढण्याचा हट्ट

जाड गोफ किंवा पीळदार दोरी सुईत ओवून टाके घालायला गेलं की कापड फाटतं आणि दोरीही पिंजते. तिची जागा कापडावर. वर ठेवून दुसऱ्या बारीक धाग्याने बांधत जायचं, यालाच काउचिंग म्हणतात. बांधायच्या धाग्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, दोरी ताणून धरणं: कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये सगळं छान दिसतं, रिंग काढली की कापडाला चुण्या. कापड ताठ हवं, दोरी फक्त आरामात टेकलेली. दुसरी, टाके आवळणं: दोरी जागोजागी आक्रसते. टाका दोरीला नुसता धरून राहील इतकाच ओढा. अंतर ३ ते ५ मिलिमीटर; वळणावर कमी, आणि कोपऱ्यात एक टाका नेमका टोकावर, नाहीतर कोपरा गोल होतो. पीळदार दोरीवर टाका पिळाच्या खाचेत, त्याच तिरकसपणाने घातला की तो दिसेनासा होतो. एवढ्या एका गोष्टीने कामाचं रूप बदलतं, म्हणून मी ती कधीच घाईत करत नाही.

तिसरी गोष्ट टोकांची. दोरी कापण्याआधी त्या जागी धागा घट्ट बांधा किंवा चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कात्री लागताच पदर उलगडतात. दोन्ही टोकांना ३-४ सेंटिमीटर जास्तीची दोरी ठेवा. सगळी दोरी बसल्यावर मोठ्या नेढ्याच्या सुईने टोक मागे न्या. जाड असेल तर पदर सुटे करून जवळजवळच्या भोकांतून एकेक उतरवा, म्हणजे एका जागी गोळा येत नाही. मागे ते नक्षीच्या खालीच वळवून टाचा आणि मगच उरलेलं कापा.

धुणं आणि इस्त्री

गडद रेयॉन रंग सोडू शकतो. एक तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा. सुती गोफ आधीच भिजवून वाळवून घ्या. तो नंतर आटला तर कापड ओढलं जातं. इस्त्री जाड टॉवेलवर, भरतकाम पालथं ठेवून, मागच्या बाजूने. जरी असेल तर मंद आचेवर आणि मध्ये कापड घालून, कारण तिच्यातली चकाकती पट्टी बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते आणि उष्णतेने आक्रसते.