शाळेत मुलांचे स्वतःचे लॅपटॉप: एका वर्गात तीस मशीन न अडखळता कशी चालवायची

मुलांनी स्वतःचे लॅपटॉप आणायचे असं शाळेने ठरवलं की पालकसभेचा पाऊण तास "कोणता घ्यायचा?" यातच जातो. आय-थ्री की आय-फाइव्ह, आठ जीबी की सोळा, दुकानदार काय म्हणाला, पुण्यातल्या भाच्याने काय सांगितलं. मग लॅपटॉप येतात, आणि पहिल्याच तासाला तीस पडद्यांवर चकती फिरत बसते. "मॅडम, नुसतंच फिरतंय!" असा एक आवाज येतो आणि पाठोपाठ सगळा वर्ग तेच म्हणायला लागतो. तास तिथेच संपला असं समजा.

सोलापुरातल्या शाळांत हे काम मी बऱ्याच वेळा उभं केलंय. ते अडतं एकाच ठिकाणी, वायफायपाशी. बाकीचं आधी पटापट उरकून घेऊ.

वर्ग निवडणे

आठवी किंवा नववीची एक तुकडी, दोन विषय, आठवड्याला तीन तास. दहावीला हात लावू नका. बोर्डाच्या परीक्षेपलीकडचं त्या वर्षी पालक काही ऐकून घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

किती लॅपटॉप हवेत

दोघांत एक. पट साठचा असेल तर तीस पुरे, पंचवीसवरही भागतं. प्रत्येक मुलाकडे हवाच अशी सक्ती करणाऱ्या शाळांना मी हात जोडते. जुळे सोलापूरच्या बंगल्यातला मुलगा आणि आई घरी विड्या वळते अशी पूर्व भागातली मुलगी एकाच बाकावर बसतात. तिच्या घरच्यांनी बचत गटाचं कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा, इतकं या यंत्रात काही नाही. जोडीत काम करताना तासाच्या मध्यावर कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढा एकच नियम ठेवा. मात्र तो कडक पाळा. नाहीतर ज्याचा लॅपटॉप तोच चालवतो आणि शेजारचा नुसता बघ्या होतो.

जुना लॅपटॉप चालतो. विंडोज १० ची सुरक्षा अद्ययावत करणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. त्यामुळे ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून द्या. ब्राउझर आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी फुकटची प्रणाली) उघडलं म्हणजे आपलं काम झालं.

चार्जिंग

घरून पूर्ण चार्ज करून आणायचा. वर्गात चार्जर निघता कामा नये. हिशोब साधा आहे: ६५ वॅटचे तीस चार्जर म्हणजे १,९५० वॅट. वर्गातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच झेपवतो. तरीही कुणीतरी उत्साही माणूस एकाला एक एक्स्टेन्शन बोर्ड जोडून माळ लावतोच. त्याला अडवा. विसरभोळ्यांसाठी शिक्षक खोलीत १६ अँपिअरचा एक पॉइंट आणि चार-पाच जागा ठेवल्या की झालं.

ने-आण

महागडी बॅग नको. सोलापूरकरांच्या घरात जुना टर्किश टॉवेल नाही असं होत नाही. त्यात गुंडाळा आणि दप्तरात पाठीच्या बाजूला उभा ठेवा. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत मात्र कधीच ठेवू नका. बाहेर बेचाळीस असतं तेव्हा डिकीत त्याहून बरंच जास्त होतं, आणि लिथियम बॅटरी फुगायला तेवढं पुरतं.

वायफाय: इथे थांबा आणि नीट वाचा

या टप्प्यावर मीही बरेच दिवस अडकले होते. त्या काळात मिळालेला प्रत्येक सल्ला एकच होता: "प्लॅन वाढवा." शंभर एमबीपीएसचा तीनशे करा, तीनशेचा पाचशे. हा सल्ला कुणी दिला तर मान हलवा आणि सोडून द्या. रस्त्यावरून शाळेपर्यंत येणारी तार कितीही जाड असली तरी राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, आणि एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीची थांबतात. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये: चार दिवसांनी पाणी आलंय, गल्लीत नळ एकच आणि घागरी तीस, तर टाकी भरलेली आहे म्हणून रांग काही आखूड होत नाही.

त्यात भर म्हणजे लॅपटॉप उघडताच मुलाने काही करायच्या आधी मशीनच कामाला लागतं. विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरस, फाइली नेटवर चढवणारं वनड्राइव्ह, घरच्यांचे फोटो, सगळं एकदम नेटवर तुटून पडतं. दुपारच्या तासाला तीस लॅपटॉप एकाच मिनिटाला जागे होतात, तेव्हा धड्याचं पान मागे राहतं आणि कुणाच्या तरी मावसभावाच्या लग्नाचा अल्बम पुढे सरकतो. शाळेचं वायफाय प्रत्येक लॅपटॉपवर "मीटर्ड कनेक्शन" (म्हणजे डेटा जपून वापरायचं कनेक्शन) म्हणून नोंदवलं की हा त्रास बराच कमी होतो. पण बराचच, पूर्ण नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वर्गातल्या वायफायला इंटरनेट देऊच नका. राउटरला मागून येणारी नेटची वायर काढून ठेवा. धडा वर्गातल्याच एका कॉम्प्युटरवर ठेवा आणि मुलांचे लॅपटॉप त्याच्याशी जोडा. वायफाय राहतं, इंटरनेट जातं. हे ऐकून लोक दचकतात. "मग लॅपटॉपचा उपयोग काय?" असं विचारतात. सभेत कुणीतरी परितेवाडीचा दाखलाही देतंच. द्यावाही, माढा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पण त्या कोडमागे काय होतं ते पाहा: गुरुजींनी जमवलेल्या कविता, व्हिडिओ, गृहपाठ. आधी सामग्री, मग तिच्याकडे जायची वाट. आपण उलट करतो. वाट मोठी करत सुटतो आणि पोहोचायचं कुठे ते ठरलेलंच नसतं.

सामग्री जमवायला शाळेच्या लॅबमधला जुना डेस्कटॉप पुरतो. त्यात आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी टाका. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, उतरवून घेतली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात, आणि त्यातली बरीच मराठीत आहेत. नववीच्या धाराविद्युतच्या धड्याला यापेक्षा चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. मूल बॅटरी, वायर, बल्ब जोडतं, रोध वाढवतं आणि बल्ब मंद होताना पाहतं. प्रयोगशाळेत साठ मुलांत तीन अमीटर असतात आणि त्यातल्या एकाचा काटा अडकलेला असतो, हे लक्षात घेतलं तर याची किंमत कळेल. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या प्रणालीने अख्खा मराठी विकिपीडिया त्याच मशीनवर ठेवता येतो.

आता सापळे. इथे प्रत्येक शाळा पडते, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला सापळा शेअर्ड फोल्डरचा. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतो, विंडोजवर एक फोल्डर शेअर करून देतो, दोन लॅपटॉपवर उघडून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. साध्या विंडोजवर अशा फोल्डरला एका वेळी वीसच जोडण्या मिळतात. त्यामुळे वीस जोड्यांचं उघडतं आणि एकविसाव्याला एरर येतो. गंमत अशी की रोज तो एकविसावा वेगळा असतो. मग सगळे मिळून त्या बिचाऱ्याच्या लॅपटॉपला नावं ठेवतात. फोल्डर शेअर करू नका. त्या मशीनवर झॅम्प (XAMPP) ही फुकटची प्रणाली टाका, त्यातला अपाची वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा भाग, सुरू करा आणि सगळी सामग्री झॅम्पच्याच एचटीडॉक्स (htdocs) फोल्डरमध्ये ठेवा. मुलांनी ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता टाकला की पान दिसतं, आणि तीस लॅपटॉप त्याला काहीच नाहीत.

दुसरा सापळा गेस्ट वायफायचा. "मुलांना गेस्ट नेटवर्क द्या, सुरक्षित असतं," हा सल्ला घरासाठी बरोबर आहे. पण गेस्ट नेटवर्कवरचं यंत्र शाळेच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी बोलू शकत नाही. ते त्यासाठीच बनवलेलं असतं. मग वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि आपला सर्व्हर मात्र कुणालाच सापडत नाही. मुख्य नेटवर्क वापरा, आणि राउटरमध्ये "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" नावाची खूण असेल तर ती काढून टाका.

तिसरा, विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी. सर्व्हर असलेल्या मशीनवर नेटवर्कचा प्रकार "पब्लिक" असेल तर "प्रायव्हेट" करा आणि अपाचीला परवानगी द्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण माहीत नसेल तर दोन शनिवार खातं.

चौथा, पत्ता बदलण्याचा. काल १९२.१६८.१.१० वर उघडलेलं पान आज उघडत नाही, कारण लाइट जाऊन आल्यावर राउटरने सर्व्हरला नवा आकडा दिला. राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात त्या मशीनचा पत्ता राखून ठेवा. तिथेच एकूण किती पत्ते वाटायचे ते शंभरच्या वर करा आणि एका पत्त्याची मुदत दोन तासांवर आणा. दुपारच्या तुकडीला मग जागा मिळते. पत्ता फळ्याच्या कोपऱ्यात ऑइल पेंटने लिहून टाका. आणि टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर हवा, हे पहिले काही दिवस रोज सांगावं लागेल.

राउटर कुठे बसवायचा? वर्गात. ऑफिसात नाही, जिन्यात नाही, मुख्याध्यापकांच्या कपाटावर तर मुळीच नाही. लोखंडी कपाट आणि जुन्या इमारतीची दीड फुटी भिंत यांच्यातून सिग्नल जात नाही म्हटलं तरी चालेल. फळ्याच्या वर, भिंतीला, मोकळा. तीस लॅपटॉपना घरगुती राउटर एक पुरत नाही. दोन ॲक्सेस पॉइंट (राउटरला वायरने जोडलेली, वायफाय पसरवणारी यंत्रं) लावा आणि दोन्ही बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, चालू ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. एकाला १ द्या, दुसऱ्याला ६. शेजारच्या वर्गात पुढे वाढवलंत तर तिथे ११. "ऑटो"वर सोडू नका. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉप बॅटरीवर असतातच, त्यामुळे लाइट गेली तरी तास चालू राहतो. पंखे बंद पडतात तेवढंच.

आणि तपासणी. हेडसर स्वतःचा मोबाइल जोडतात, पान उघडतं, ते म्हणतात, "चालतंय की!" एका यंत्रावर सगळंच चालतं. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सगळे लॅपटॉप थांबवून घ्या, झाकणं बंद करा, एक-दोन-तीन म्हणून एकदम उघडायला लावा आणि एकच सिम्युलेशन सगळ्यांना सुरू करायला सांगा. शेवटच्या बाकावरचं पान पंधरा सेकंदांत आलं तर सोमवारी तास घ्या. नाही आलं तर आधी वरचे सापळे पुन्हा एकेक बघा. नवीन काही विकत आणायची घाई करू नका.

खरंच इंटरनेट लागलं, तर ते शिक्षकांच्या एका मशीनला वायरने द्या आणि प्रोजेक्टरवर दाखवा. याचा आणखी एक फायदा: मुलांची खाती उघडावी लागत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीय. आतल्या सर्व्हरला कुणाचं नावही लागत नाही, तर संमतीपत्रांचे गठ्ठे कशाला?

तासाची शिस्त

शिक्षक बोलत असताना झाकणं अर्धी खाली. मोबाइलचा हॉटस्पॉट दिसला तर तो मोबाइल टेबलावर, कारण तोही हवेतली जागा खातो. संपलं.

टायपिंग

मराठी लिहायचं तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासून आहे, तो चालू करून द्या. मुलं आठवड्यात सरावतात. कुणी जुना फॉन्ट घेऊन आला आणि "आमच्या ऑफिसात हाच चालतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

देखभाल

सर्व्हरचा आणि राउटरचा पासवर्ड दोन माणसांकडे असू द्या, त्यातला एक शिक्षक आणि एक ऑफिसातला. एकट्या कॉम्प्युटर शिक्षकाकडे ठेवलात आणि त्याची बदली झाली, तर सगळं पहिल्यापासून. अपडेट आणि नवी सामग्री सुट्टीत चढवा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जानेवारीत वर्ग तसेही निम्मे रिकामे असतात. दिवाळीच्या सुट्टीआधी एचटीडॉक्सची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, आणि ती डिस्क त्याच कॉम्प्युटरच्या ड्रॉवरमध्ये न ठेवता ऑफिसच्या तिजोरीत ठेवा.