आफ्रिकेतील हुकूमशहाबाबत जगाने काय करावे : ठराव लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नागपूरच्या महाविद्यालयांतून प्रतिरूप संयुक्त राष्ट्रांच्या स्पर्धा (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून ठराव मांडतात त्या ‘मॉडेल यूएन’) भरतात, स्पर्धा परीक्षांच्या निबंधातही हा विषय येतो, आणि आफ्रिकेतील एखाद्या हुकूमशहाचा प्रश्न समोर आला की बहुतेक मसुदे एकाच वळणाने जातात : आधी तीव्र निषेध, मग सरसकट आर्थिक निर्बंध, आणि शेवटी, हात जरा मोकळा सुटला की, लष्करी कारवाई. हा क्रम लिहायला सोपा असला तरी गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव त्याच्या बाजूने नाही. असा ठराव किंवा टिपण लिहिणाऱ्यासाठी प्रस्तुत लेखाचा आग्रह एवढाच आहे की बाहेरच्या जगाने दाब आणायचा तो राज्यकर्त्याच्या तिजोरीवर, त्याच्या शस्त्रपुरवठ्यावर आणि शेजारी राष्ट्रांनी त्याला दिलेल्या मान्यतेवर. आणि तो शक्यतो मतमोजणीच्या आठवड्यातच आणायचा, कारण कत्तल होऊन गेल्यावर उरलेले सर्व पर्याय वाईट असतात.

लिहायला बसण्यापूर्वी देश, व्यक्ती आणि वर्ष निश्चित करावे. आफ्रिकेत ५४ देश आहेत. बोत्स्वानामध्ये १९६६ पासून नियमित निवडणुका होत आल्या आहेत आणि २०२४ मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला, तेव्हा त्याने मुकाट्याने सत्ता सोडली. त्यामुळे ‘आफ्रिकेतील परिस्थितीबद्दल चिंता’ असे वाक्य मसुद्यात आले की ते खोडावे.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून चालत नाही. त्या राज्यकर्त्याला आजवर कोणी पोसले याची नोंद काढावी. झाईरच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) मोबुटूने १९६५ ते १९९७ अशी ३२ वर्षे राज्य केले. शीतयुद्धात तो पाश्चात्त्य देशांना उपयोगी होता, म्हणून बाडोलिटे या त्याच्या गावी काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी झाली तरी मदत थांबली नाही. युगांडाच्या इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी आफ्रिकी एकता संघटनेचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. झिंबाब्वेच्या मुगाबेच्या सैन्याने १९८० च्या दशकात त्याच देशातील मटाबेलेलँडमध्ये हजारो नागरिकांना ठार मारले. तरीही १९९४ मध्ये ब्रिटनने त्याला मानद सरदारकी दिली आणि २००८ मध्ये ती काढून घेतली. देतानाच विचार केला असता तर बरे झाले असते. ज्या शहरात मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय आहे तेथील विद्यार्थ्याला खनिजाचे राजकारण वेगळे समजावून सांगायला नको : गॅबन हा मँगनीजचा जगातील एक मोठा उत्पादक देश आहे, आणि मधले काही महिने वगळता १९६७ पासून २०२३ पर्यंत तेथे बोंगो पिता-पुत्रांचेच राज्य होते. त्या देशाचे खनिज किंवा तेल कोण विकत घेते, बंदुका कोण विकते आणि राज्यकर्त्याच्या मुलांची घरे कोणत्या शहरात आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय पुढचे कलम लिहू नये.

तिजोरीवर दाब आणण्याचे साधन म्हणजे मालमत्ता गोठवणे आणि प्रवासबंदी, तीही नावानिशी. इक्वेटोरियल गिनीत ओबियांग १९७९ पासून सत्तेवर आहे आणि त्याचा मुलगा उपराष्ट्राध्यक्ष आहे. त्या मुलाला फ्रान्सच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सार्वजनिक पैशाच्या अपहाराशी निगडित गुन्ह्यांत दोषी ठरवले, २०२१ मध्ये ती शिक्षा कायम झाली आणि पॅरिसमधील त्याचा आलिशान वाडा जप्त करण्यात आला. यात कोणत्याही सुरक्षा परिषदेची गरज पडली नाही. भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांची तक्रार, चिवट तपास आणि स्वतंत्र न्यायालय एवढ्यावर भागले. ठरावात म्हणूनच बँकांबरोबर वकील, घरदलाल आणि नामधारी कंपन्या यांचाही उल्लेख असावा, कारण पैसा लपतो तो तेथे.

सरसकट व्यापारबंदीची गोष्ट वेगळी. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने युगांडाची कॉफी घेणे बंद केले आणि पुढच्या एप्रिलमध्ये अमीन पळाला, हे खरे. परंतु त्याला पळवले ते टांझानियाच्या सैन्याने, त्यामुळे कॉफीबंदीला सगळे श्रेय देता येत नाही. झिंबाब्वेबाबत युरोपीय संघाने २००२ मध्ये मुख्यतः ठरावीक व्यक्तींवर निर्बंध घातले, तरी नोटा छापून अर्थव्यवस्था बुडवणाऱ्या मुगाबेला आपल्या अपयशाचे खापर ‘निर्बंधां’वर फोडता आले. यावर उपाय एकच : औषध, अन्न, खते आणि वीज वगळल्याचे ठरावातच स्पष्ट लिहावे आणि ही यादी त्या देशातील भाषांतून रेडिओवर वाचून दाखवण्याची तरतूद करावी.

शस्त्रांबाबत २००८ चे झिंबाब्वे अभ्यासण्यासारखे आहे. मार्चमधील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई मुगाबेच्या पुढे गेले, दुसऱ्या फेरीपूर्वी विरोधकांवर अत्याचार सुरू झाले, आणि अशा वेळी चीनहून शस्त्रे घेऊन आलेले जहाज दक्षिण आफ्रिकेतील डरबन बंदराबाहेर येऊन थांबले. गोदी कामगारांनी माल उतरवण्यास नकार दिला, न्यायालयानेही वाहतूक रोखली, आणि जहाज निघून गेले. जुलैमध्ये मात्र सुरक्षा परिषदेतील शस्त्रबंदीचा ठराव रशिया आणि चीन यांच्या नकाराधिकाराने पडला. नकाराधिकार कोण वापरणार हे बहुधा आधीच ठाऊक असते. तेव्हा परिषदेवाचून चालणारा मार्ग, म्हणजे बंदरे, विमा कंपन्या आणि वाहतूक करणारे देश यांच्यामार्फतचा मार्ग, मसुद्यात पहिल्यापासून असावा.

आता शेजाऱ्यांकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यांत अधिक वजन त्यांचेच असते. गांबियात याह्या जामे १९९४ च्या बंडानंतर २२ वर्षे राज्य करीत होता. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत तो अदामा बॅरो यांच्याकडून हरला, त्याने दूरचित्रवाणीवर पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या इकोवास या संघटनेने ताबडतोब शिष्टमंडळ पाठवले. आफ्रिकी संघाने १९ जानेवारीनंतर जामेला राष्ट्राध्यक्ष मानणार नाही असे जाहीर केले. त्या दिवशी बॅरो यांचा शपथविधी सेनेगलमधील गांबियाच्या दूतावासात झाला, सुरक्षा परिषदेने एकमताने पाठिंबा दिला, आणि सेनेगलचे सैन्य सीमा ओलांडून थांबले. गांबियाचा सेनाप्रमुख लढणार नाही असे म्हणाला. गिनी आणि मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी शेवटची बोलणी केली आणि २१ जानेवारीला जामे देश सोडून इक्वेटोरियल गिनीला गेला. (या मध्यस्थांपैकी गिनीच्या आल्फा कोंदे यांनी पुढे स्वतःच तिसऱ्या कारकिर्दीसाठी घटना बदलली आणि २०२१ मध्ये लष्कराने त्यांना हटवले, मध्यस्थ धुतल्या तांदळासारखा मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.)

या उदाहरणातून चार गोष्टी उचलाव्यात : निश्चित तारीख, मान्यता काढून घेण्याची आगाऊ घोषणा, बाहेर पडण्यासाठी उघडे ठेवलेले एक दार, आणि या सगळ्यामागे उभे असलेले विश्वसनीय बळ. मात्र गांबियाला तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेले आहे आणि त्याचे सैन्य लहान आहे, हे विसरून ही कृती सगळीकडे लावली तर काय होते ते नायजरमध्ये दिसले. तेथे जुलै २०२३ मध्ये बंड झाल्यावर त्याच इकोवासने सैन्य पाठवण्याची धमकी दिली, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. सामान्य माणूस होरपळला, सेनानींना देशाभिमानाचा आधार मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर संघटनेतूनच बाहेर पडले.

शेजारी गप्प का बसतात, हेही टिपणात यावे. मुगाबे हा स्वातंत्र्यलढ्याचा नायक होता आणि भोवतालच्या अनेक सरकारांची मुळे तशाच लढ्यांत होती. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेब आंबेडकरांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा दीक्षाभूमीच्या शहरात कोणाला नवा नाही. झिंबाब्वेच्या शेजाऱ्यांना तो लागू पडतो. त्यांच्याच मध्यस्थीने २००९ मध्ये संयुक्त सरकार आले, परंतु राष्ट्राध्यक्षपद आणि सुरक्षा दले मुगाबेकडेच राहिली आणि तो २०१७ पर्यंत टिकला. सत्तावाटपाचे कलम लिहायचे असेल तर पोलीस आणि सैन्य कोणाकडे जाणार हे त्याच कलमात लिहावे.

लष्करी हस्तक्षेपाविषयी थोडक्यात. लिबियावर फेब्रुवारी २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत आलेल्या निर्बंधांच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला, पण मार्चमधील बळाच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या परवानगीचा शेवट सत्तांतरात झाला, आणि गद्दाफीनंतरची शस्त्रे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेलच्या प्रदेशात पसरली. अमीनला घालवणाऱ्या टांझानियाची कारवाई यशस्वी म्हणावी, तरी त्यानंतर युगांडात १९८६ पर्यंत रक्त सांडत राहिले. कामठीची लष्करी छावणी शेजारी असणाऱ्यांनी ‘सैन्य पाठवावे’ हे शब्द जपून वापरावेत. कांगोत भारतीय जवान १९६० च्या दशकापासून गेले आहेत आणि तेथे त्यांनी प्राणही दिले आहेत. दुसऱ्या दिवशी प्रशासन कोण चालवणार याचे उत्तर नसेल तर हे कलम वगळावे.

खटला की अभय, हा पेच सुटत नाही. तो मांडता मात्र यायला हवा. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला २००३ मध्ये नायजेरियाने आश्रय दिला म्हणून राजधानीतील लढाई थांबली, आणि पुढे त्याला ५० वर्षांची शिक्षाही झाली. पण ते पाहिल्यावर इतर कोणी आश्रयाच्या शब्दावर सहज विश्वास ठेवील असे नाही. चाडच्या हिसेन हाब्रेला २०१६ मध्ये सेनेगलमध्येच, आफ्रिकी न्यायाधीशांनी जन्मठेप दिली, आणि ‘हे गोऱ्यांचे न्यायालय’ हा आक्षेप तेथे टिकला नाही. भारताची भूमिका लिहिणाऱ्याने प्रामाणिक राहावे : आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे वॉरंट असलेले सुदानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बशीर २०१५ मध्ये दिल्लीच्या शिखर परिषदेला आले होते आणि भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. त्याच भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील वर्णभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि तिच्याशी व्यापार तोडला, हेही त्याच परिच्छेदात यावे.

शेवटचे कलम परत करायच्या पैशाचे, आणि ते बहुतेक मसुद्यांत नसतेच. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा याने लुटलेल्या रकमेपैकी सुमारे ३२ कोटी डॉलर स्वित्झर्लंडने २०१७ च्या करारानुसार परत केले, ते गरीब कुटुंबांना थेट रोख मदत म्हणून आणि जागतिक बँकेच्या देखरेखीखाली खर्च व्हावेत या अटीवर. ठरावात रक्कम कोणत्या खात्यात जाईल, लेखापरीक्षण कोण करील, अहवाल किती महिन्यांनी प्रसिद्ध होईल आणि नवे सरकारही तसेच निघाले तर हप्ता कोण थांबवील, हे चारही मुद्दे नावानिशी लिहावेत.