आधी रविवारचं मीटर बघा

वीज वाचवायची म्हटली की कारखानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, सोलर किती किलोवॅटचं टाकू?" मी म्हणतो, छप्पर कुठे पळून जात नाही. शनिवारी काम बंद झालं की मीटरचा आकडा लिही, आणि सोमवारी पहिलं मशीन सुरू व्हायच्या आधी परत लिही. मग बोलू.

मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) ३१ वर्षं मेन्टेनन्स सांभाळला. आता दांडिया बाजारातल्या घरी दुपार सरत नाही, म्हणून ओळखीच्या छोट्या युनिटांत वही घेऊन जातो. मागच्या वर्षी बोल्ट बनवणाऱ्या एका मराठी पोराकडे गेलो होतो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने त्याला कार्बनचा, म्हणजे माल बनवताना किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचा, तक्ता भरायला पाठवला होता आणि तो गांगरला होता. युरोपने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर हा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैशाचाही भाग आला. बोल्ट आणि स्क्रू त्या यादीत आहेत. निर्यात करत नसाल तरी सुटका नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने देशातल्या पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून असाच अहवाल सक्तीचा केला आहे, आणि त्या कंपन्या तोच प्रश्न माल पुरवणाऱ्यांकडे ढकलतात. "आम्ही छोटे, आम्हाला कोण विचारतंय" हे आता चालत नाही.

तर त्या पोराने शनिवारी रात्री ८ आणि सोमवारी सकाळी ८ चा आकडा लिहिला. फरक साडेनऊ. "काका, साडेनऊच युनिट? हे तर काहीच नाही!"

अरे, एमएफ बघ. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीच्या, मीटरचा आकडा बिलावरच्या एमएफने, म्हणजे छापलेल्या गुणकाने, गुणायचा असतो. त्याचा होता २०. म्हणजे बंद कारखान्यात ३६ तासांत १९० युनिट. (हसू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच विसरलो होतो आणि दोन महिने साहेबांना बचतीचे भलते आकडे सांगत होतो.)

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच आत शिरलो. दारातच आवाज आला: मशिनांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालू! वॉचमनला कोणीतरी "हात लावू नको" सांगितलं होतं आणि त्या बिचाऱ्याने ते पाळलं होतं.

हवेची गळती मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. सगळी मशिनं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. किती वेळ तो लोडवर चालतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा न भरता थांबतो), ते चार-पाच फेऱ्या लिहा. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागा. इथे लोड २ मिनिटं, अनलोड ४ मिनिटं. म्हणजे कॉम्प्रेसरची एक तृतीयांश हवा कुणीही न वापरता जात होती. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह बघितला. फुगे दिसले की खडूने गोल करायचा. सत्तावीस गोल झाले. क्लिपा आणि टेफ्लॉन टेप बदलल्यावर ४० सेकंद लोड, ६ मिनिटं अनलोड, म्हणजे दहा टक्के. एवढं चालतं. ७ बारच्या (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) लायनीत ३ मिलिमीटरचं एक भोक जवळपास ३ किलोवॅट खातं, म्हणून या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. नंतर प्रेशरही ८ वरून ७ बारवर आणलं; एका बारमागे सहा-सात टक्के वीज वाचते. आणि हवेच्या पाइपने कपडे झटकणं बंद! यावर माझं कुणीच ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

मग बिल उघडा. गुजरातमध्ये एचटीला कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे कंपनीशी ठरवलेल्या कमाल भाराच्या, ८५ टक्क्यांचा आकार वीज वापरली नाही तरी लागतो, म्हणून डिमांड उगाच फुगवून ठेवू नका. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागते, ते प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली गेला तर दंड, ९५ च्या वर गेला तर सूट. तो सुधारणारी कपॅसिटर बँक बघून घ्या. ऑफिसात एसी २४ वर, पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी. झालं.

कार्बनला घाबरू नका, तो गुणाकार आहे. ग्रिडचं युनिट गुणिले साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचा लिटर गुणिले २.७, पाइपच्या गॅसचा घनमीटर गुणिले २. त्या पोराचे रविवारचे १९० युनिट ५२ आठवडे धरले तर वर्षाला जवळपास ७ टन होत होते. बोल्टमधला मोठा कार्बन मुळात पोलाद बनतानाच येतो; तो आकडा पोलाद बनवणाऱ्याकडून मागून घ्या. भट्टीचा गॅस आणि लाइटबिल मात्र तुमचं.

आकडा नेहमी तयार मालाच्या टनामागे लिहा. नाहीतर दिवाळीच्या महिन्यात काम कमी म्हणून बिल उतरतं आणि सगळे एकमेकांची पाठ थोपटतात.

वही पॅनलशेजारी सुतळीने बांधून टाका. पेनही बांधा, पहिली तीन पेनं आठवड्यात गेली होती.