डिस्टन्स रिले टेस्टिंगला नवीन आहात? आधी के-एन हाताने काढा

डिस्टन्स रिले व्होल्टेज-करंटवरून इम्पिडन्स काढतो, फॉल्ट लाइनवर किती लांब आहे ते ओळखतो आणि ब्रेकर उघडतो; त्याच्या पोहोचीच्या टप्प्यांना झोन म्हणतात. टेस्टिंगला नवीन आलेल्या माणसाला झोनचे आकडे शिकवावे लागत नाहीत. झोन-वन लाइनच्या ८० टक्के. झोन-टू १२० टक्के, डबल सर्किट असेल तर १५०, वेळ ०.३५ सेकंद. झोन-थ्री ०.८ ते १ सेकंद. एवढं सगळ्यांना येतं. घोळ होतो तो अर्थ फॉल्टला, म्हणजे फेज जमिनीशी जोडली जाते तेव्हा, जमिनीतून परतणाऱ्या करंटचा हिशेब धरणाऱ्या के-एन या गुणांकात, आणि झालेला घोळ दिसतही नाही, कारण रिपोर्टच्या प्रत्येक ओळीपुढे ‘पास’ लिहिलेलं असतं.

म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवतो. कंटाळवाणं आहे, तरी कागद-पेन घेऊन बसा.

२२० केव्ही लाइन, झेब्रा कंडक्टर, लांबी ८० किमी. दर किलोमीटरला आर-वन ०.०७५, एक्स-वन ०.४०, आर-झिरो ०.२२, एक्स-झिरो १.३४ ओम धरू (आर रेझिस्टन्स, एक्स रिअ‍ॅक्टन्स, दोन्ही मिळून झेड म्हणजे इम्पिडन्स; वन म्हणजे पॉझिटिव्ह सीक्वेन्स, झिरो म्हणजे जमिनीच्या वाटेचा झिरो सीक्वेन्स). हे उदाहरणापुरते आकडे आहेत, उचलून स्वतःच्या शीटमध्ये टाकू नका. टॉवरची रचना, अर्थवायर आणि जमीन बदलली की झिरो सीक्वेन्स बदलतो. पूर्ण लाइनचा झेड-वन ३२.५६ ओम, कोन ७९.४ अंश. झेड-झिरो १०८.६ ओम, कोन ८०.७ अंश. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ८००/१ आणि पीटी (व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) २२० केव्ही/११० व्होल्ट, म्हणजे प्रायमरी ओमला ८०० भागिले २०००, अर्थात ०.४ ने गुणायचं. सेकंडरीत लाइन १३.०२ ओम आणि झोन-वन १०.४२ ओम.

आता के-एन. झेड-झिरोतून झेड-वन वजा करा आणि झेड-वनच्या तिपटीने भागा. उत्तर ०.७८, कोन १.९ अंश. वजाबाकी व्हेक्टरची. इथे दोन्ही कोन जवळजवळ सारखे असल्याने नुसते आकडे वजा केले तरी निभावतं, पण लाइनमध्ये केबलचा तुकडा आला की निभावत नाही.

इथपर्यंत सरळ आहे. घोटाळा असा की हाच गुणांक प्रत्येक बनावटीला वेगळ्या वेषात हवा असतो. मायकॉम रिलेला ०.७८ आणि सोबत कोन लागतो, तोही के-एनचा स्वतःचा १.९ अंश. तिथे लाइनचा ७९ अंश भरून ठेवलेला सापडतो. सिमेन्सच्या सिप्रोटेकला आरई/आरएल आणि एक्सई/एक्सएल असे दोन आकडे लागतात, आपल्या लाइनसाठी ०.६४ आणि ०.७८. एबीबीचा आरईएल६७० सहसा गुणांक विचारत नाही, थेट आर-झिरो आणि एक्स-झिरो मागतो. चाचणी संचाच्या, म्हणजे रिलेला कृत्रिम व्होल्टेज-करंट देणाऱ्या यंत्राच्या, सॉफ्टवेअरमध्ये तर यादीच उघडते: केएल (म्हणजे के-एनच), आरई/आरएल, झेड-झिरो/झेड-वन. एकाच लाइनसाठी पहिल्यात ०.७८ बसतं आणि शेवटच्यात ३.३४.

समजा कोणी ३ ने भागायला विसरलं आणि रिलेत २.३४ गेलं. दुसऱ्या टोकाकडून करंट येत नाही असं धरलं तर अर्थ फॉल्टला रिलेची पोहोच १.७८ च्या जागी ३.३४ ने मोजली जाते. ८० टक्क्यांचा झोन-वन १५० टक्क्यांवर जातो. म्हणजे पुढच्या उपकेंद्राच्या पलीकडे, दुसऱ्याच्या लाइनवर फॉल्ट झाला तरी तुमचा ब्रेकर क्षणात उघडणार. उलट के-एन शून्य राहिला तर झोन-वन जेमतेम ४५ टक्के पोहोचतो आणि निम्म्याहून जास्त लाइनचे अर्थ फॉल्ट झोन-टूच्या वेळेने तुटतात. लाइनवर सर्वाधिक फॉल्ट होतात ते सिंगल फेज टू अर्थ, त्यामुळे हा कोपऱ्यातला आकडा नाही.

आणि तरीही चाचणी पास होते. कारण सोपं आहे. आपण लॅपटॉपवर रिलेची सेटिंग फाइल उघडतो आणि तिच्यातला के-एन उचलून संचाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो, किंवा सॉफ्टवेअर स्वतःच आयात करतं. मग संच त्याच चुकीच्या २.३४ ने व्होल्टेज-करंट बनवतो, रिले त्याच २.३४ ने इम्पिडन्स काढतो, चूक दोन्हीकडून कटते आणि पोहोच नेमकी १०.४२ ओम येते. ज्या वहीतून प्रश्न काढले त्याच वहीतून उत्तरं तपासली, तर पैकीच्या पैकी मिळणारच. सेटिंग फाइल आयात करणं मला अजिबात आवडत नाही. वेळ वाचतो हे खरं, पण वाचलेला वेळ पुढे ट्रिपिंगचा खुलासा लिहिण्यात जातो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. लाइनचा झेड-वन आणि झेड-झिरो सेटिंग शीटमधून न घेता मूळ लाइन डेटातून घ्या. मग संचाचा इम्पिडन्सचा पडदा बंद करून साध्या व्होल्टेज-करंटच्या पडद्यावरून तीन शॉट मारा. आर फेजला १ अँपिअर, करंट व्होल्टेजच्या ८०.२ अंश मागे. वाय आणि बी फेज निरोगी, ६३.५ व्होल्ट. प्रत्येक शॉटआधी दोनेक सेकंद तिन्ही फेजना निरोगी व्होल्टेज. ७५ टक्क्यांच्या फॉल्टला आर फेजचं व्होल्टेज १३.०२ × ०.७५ × १.७८, म्हणजे १७.४ व्होल्ट: झोन-वन ट्रिप. ८५ टक्क्यांना १९.७ व्होल्ट: झोन-टू, ०.३५ सेकंद. १०० टक्क्यांना २३.२ व्होल्ट: पुन्हा झोन-टू. हा शेवटचा शॉट चुकवू नका. के-एन २.३४ असेल तर रिलेला २३.२ भागिले ३.३४, म्हणजे ६.९ ओम दिसतात आणि तो झोन-वनमध्ये ट्रिप देतो. चोर तिथेच सापडतो.

एवढं जमलं की टेस्टिंगमधली सगळ्यात दगाबाज गोष्ट तुमच्या हातात आली, घाबरायचं कारण नाही. फेज-फेज आणि थ्री-फेज शॉटना के-एनचा संबंध नाही, ते संचाला करू द्या. फक्त रेझिस्टिव्ह रीच (रेझिस्टन्सच्या बाजूची पोहोच) काही बनावटीत पूर्ण लूपचा असतो आणि काहींत एका फेजचा, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. शेजारच्या बेची (उपकेंद्रातल्या दुसऱ्या लाइनच्या कप्प्याची) फाइल कॉपी करायला सांगणारे सीनियर सगळीकडे भेटतात. माणसं वाईट नसतात, फक्त त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची असते. शिकायचं असेल तर जो आधी सीटीच्या नेमप्लेटवर टॉर्च मारतो त्याच्यामागे जा. शीटवर ८००/१ आणि जोडणी १६००/१ च्या टॅपवर, हा प्रकार कल्पनेतला नाही.

आता जीव आणि बसबार (उपकेंद्रात सगळ्या लाइन जिथे जोडतात तो) वाचवण्याचं. टेस्ट ब्लॉकमध्ये प्लग घालण्याआधी सीटीची बाजू शॉर्ट झाल्याची खात्री करा, चालू सीटीची सेकंडरी उघडी पडली तर व्होल्टेज जीवघेणं चढतं. ट्रिप लिंक काढल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, एलबीबीची (ब्रेकर अडकला तर बसवरचे बाकी ब्रेकर पाडणाऱ्या संरक्षणाची) सुरुवात करणारी लिंकही काढा. एलबीबी त्याच रिलेच्या आत असेल तर ट्रिप दिल्यावरही संच करंट ढकलतच राहतो, रिलेला वाटतं ब्रेकर अडकला आणि साधारण २०० मिलिसेकंदांत त्या बसवरचे सगळे ब्रेकर जातात. काढलेली प्रत्येक लिंक कागदावर लिहा आणि परत लावताना खूण करा. तोंडी हिशेब नको.

झोन-थ्रीवर थोडंच लिहितो, पण गांभीर्याने घ्या. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर ग्रिड कोसळलं त्याची सुरुवात ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर लाइनपासून झाली. फॉल्ट नव्हता, भारच झोन-थ्रीत शिरला होता. त्यामुळे रेझिस्टिव्ह बाजू भारापासून लांब ठेवा. आपल्या लाइनवर १२०० अँपिअर आणि व्होल्टेज ८५ टक्के धरलं तर भाराचा इम्पिडन्स प्रायमरीत ९० ओम, सेकंडरीत ३६. कॅरेक्टरिस्टिक (झोनची आखलेली सीमा) त्याच्या पुरेसं अलीकडे संपलं पाहिजे. पीटीच्या एका फेजचा एमसीबी पाडून डिस्टन्स ब्लॉक होतो का तेही बघा. समांतर लाइन बंद करून दोन्ही टोकांना अर्थ केलेली असते तेव्हा अर्थ फॉल्टला रिले जास्त पोहोचतो, हेही डोक्यात असू द्या. कॅरियरची (दोन्ही टोकांच्या रिलेंमधल्या सिग्नलची) चाचणी दोन्ही टोकांना माणूस आणि फोन असल्याशिवाय करू नका.

राहिली दिशा. संचाने केलेली कोणतीही चाचणी सीटीची पोलॅरिटी सिद्ध करत नाही, कारण आपण टेस्ट ब्लॉकपासून पुढे करंट देतो आणि सीटी मागेच राहतो. स्टार पॉइंट लाइनकडे की बसकडे, ही रिलेतली सेटिंग आणि मार्शलिंग बॉक्समधली खरी जोडणी जुळते का, हे लाइन चार्ज होऊन भार आल्यावरच कळतं. म्हणून लाइन चार्ज झाल्या झाल्या बॅग भरू नका. २०० अँपिअर भार येईपर्यंत थांबा आणि रिलेच्या पडद्यावरचे आकडे लिहून घ्या. रिले सेकंडरी ओम दाखवत असेल तर प्रत्येक फेजला २५४ च्या आसपास, थ्री-आय-झिरो (तिन्ही फेजच्या करंटची बेरीज) जवळजवळ शून्य, आणि भार बाहेर जात असेल तर पॉवरचं चिन्ह धन. मग कंट्रोल रूमच्या मीटरवरची दिशा बघा. दोन्ही जुळत नसतील तर आउटेज पुन्हा मागा. ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राला दुसऱ्यांदा फोन करताना ओशाळं वाटतं, तरी करा.